फोर-व्हील ड्राइव्हसाठी परवडणारे ऑफ-रोड टायर कसे घ्यावेत

थार, जिम्नी किंवा गुरखा दारात उभी राहिली की थोड्याच दिवसांत मालकाच्या मनात टायर बदलण्याचा विचार घोळू लागतो. हा लेख अशा नवख्या मालकांसाठी आहे, ज्यांना पावसाळ्यात घाटमाथ्यावरच्या कच्च्या रस्त्यांनी किंवा शेताच्या पाणंदीतून गाडी नेण्याची खरोखर गरज किंवा हौस आहे, पण टायरवर हाताबाहेर खर्च करायचा नाही. टायरवर वाया जाणारा पैसा बहुधा दोन निर्णयांत जातो. पहिला निर्णय गरजेपेक्षा आक्रमक नक्षी निवडण्याचा आणि दुसरा गरजेपेक्षा मोठा आकार निवडण्याचा. हे दोन निर्णय दुकानात पाऊल टाकण्यापूर्वीच नीट झाले, तर पुढची घासाघीस ही केवळ काही शे रुपयांची बाब उरते.

पहिली पायरी : गाडी कुठे जाते ते लिहून काढावे

गेल्या वर्षभरात गाडी कोणत्या रस्त्यांवर किती चालली याचा प्रामाणिक अंदाज कागदावर मांडावा. शहरातील डांबर, महामार्ग, मुरमाचा कच्चा रस्ता, खडी, चिखल आणि उघडा खडक असे साधे सहा रकाने पुरेसे आहेत. दर शनिवार-रविवारी डोंगरात जाणाऱ्या माणसाच्या गाडीचेही बहुसंख्य किलोमीटर डांबरावरच पडतात, कारण पुण्याहून किंवा मुंबईहून डोंगरापर्यंत पोहोचायचे तर आधी महामार्ग पार करावाच लागतो. हा कागद समोर असला, की टायरच्या प्रकारांपैकी आपला कोणता हे ठरवणे सोपे जाते.

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. एच.टी. म्हणजे हायवे टेरेन हा डांबरासाठी बनवलेला, बारीक नक्षीचा, शांत आणि कमी इंधन खाणारा टायर असतो. कोरड्या मुरमाच्या रस्त्यावर तो निभावून नेतो, पण चिखलात नक्षी भरून तो लवकर गुळगुळीत होतो. ए.टी. म्हणजे ऑल टेरेन टायरची नक्षी अधिक खोल आणि ठोकळे अधिक सुटे असतात, नव्या ए.टी. टायरची खोली साधारण ८ ते १० मिलिमीटर असते. एम.टी. म्हणजे मड टेरेन टायरचे ठोकळे मोठे आणि त्यांमधील फटी रुंद असतात, ज्यामुळे चाक फिरताना अडकलेला चिखल बाहेर फेकला जातो. ए.टी. आणि एम.टी. यांच्या मधोमध बसणारा आर.टी. म्हणजे रग्ड टेरेन असा चौथा प्रकारही आता दिसतो, परंतु परवडणाऱ्या किमतीत त्याचे पर्याय थोडे आहेत आणि नवख्याने सुरुवातीला त्याच्या मागे लागण्याचे कारण नाही.

येथे जमिनीचा विचार थोडा सविस्तर करायला हवा, कारण सर्व चिखल सारखे नसतात. कोकणातील जांभ्या कातळावर आणि लाल मातीच्या रस्त्यांवर वरचा थर निसरडा झाला तरी खाली कठीण जमीन असते. तेथे हवा थोडी कमी केलेला चांगला ए.टी. टायर पुरेशी पकड घेतो. घाटमाथ्यावरच्या पायवाटेवजा रस्त्यांत सुटे दगड आणि टोकदार धोंडे अधिक असतात. तेथे नक्षीपेक्षा टायरची बाजू, म्हणजे साइडवॉल, किती मजबूत आहे याला महत्त्व येते. मराठवाडा-विदर्भातील काळ्या कापसाच्या जमिनीची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती माती भिजली की टायरला चिकटते, ए.टी.च्या फटी काही मीटरमध्येच भरून टाकते आणि चाकाचे रूपांतर मातीच्या गोल गोळ्यात करते. अशा जमिनीतून पावसाळ्यात रोज ये-जा करावी लागणाऱ्या शेतकऱ्याने एम.टी.चा विचार जरूर करावा. तसेच भातखाचरांमधून किंवा ओढ्याच्या गाळातून गाडी नियमित नेणाऱ्यानेही करावा.

इतरांसाठी एम.टी.चे तोटे जड ठरतात. त्याच्या रुंद फटींमुळे डांबराला टेकणारे रबर कमी असते, त्यामुळे ओल्या घाटरस्त्यावर ब्रेक लावल्यावर गाडी अधिक अंतर घेते. पावसाळ्यात वरंधा किंवा ताम्हिणी घाटाच्या वळणांवर धुके आणि ओले डांबर असताना ही गोष्ट चिखलातल्या पकडीइतकीच महत्त्वाची असते. त्याशिवाय तो ताशी ८० किलोमीटरच्या वर घोंघावतो, लवकर झिजतो आणि इंधनही अधिक जाळतो. हिंजवडीच्या वाहनतळांवर एम.टी. लावलेल्या ज्या थार उभ्या असतात, त्यांतील किती चाकांना खरोखर चिखल लागतो हा प्रश्न त्यांच्या मालकांवर सोडलेला बरा. माझे मत स्पष्ट आहे: ज्याला नक्की सांगता येत नाही की आपल्याला एम.टी. का हवा, त्याने ए.टी. घ्यावा.

आणखी एक बाब अनेकदा नजरेआड राहते. गाडीत आधीच असलेली यंत्रणा टायरचे बरेच काम वाचवते. गुरख्याला पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलचे डिफरन्शियल लॉक (ॲक्सलची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरवणारी सोय) मिळतात, जिम्नीत अधांतरी फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्या चाकाकडे जोर वळवणारी व्यवस्था आहे. अशा गाडीला साधा ए.टी. लावून आणि हवा योग्य ठेवून जितके जाता येते, तितके लॉक नसलेल्या गाडीला महागडा एम.टी. लावूनही अनेकदा जाता येत नाही.

दुसरी पायरी : सध्याच्या टायरवरचा मजकूर वाचायला शिकावे

चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडला की खांबावर एक पट्टी दिसते. तिच्यावर कंपनीने ठरवलेला टायरचा आकार आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. ही पट्टी आपल्या खरेदीचा पाया आहे. २०२० नंतरच्या थारमध्ये प्रकारानुसार २४५/७५ आर १६ किंवा २५५/६५ आर १८ असे आकार येतात. जिम्नीला १९५/८० आर १५ येतो. यातील पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा आकडा साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या किती टक्के आहे हे सांगतो, ‘आर’ म्हणजे रेडियल आणि शेवटचा आकडा रिमचा व्यास इंचांत देतो.

यातूनच टायरची एकूण उंची काढता येते. रुंदीला टक्केवारीने गुणावे, आलेल्या आकड्याची दुप्पट करावी आणि रिमचे इंच गुणिले २५.४ ही संख्या त्यात मिळवावी. थारचा १६ इंची टायर या हिशेबाने सुमारे ७७४ मिलिमीटर आणि १८ इंची टायर सुमारे ७८९ मिलिमीटर उंच निघतो. दोघांत फरक थोडा आहे, परंतु १६ इंची टायरची साइडवॉल १८४ मिलिमीटर आहे आणि १८ इंचीची १६६. खडकाळ रस्त्यावर हवा कमी करून चालताना हे जादा रबर रिमला वाचवते. शिवाय १६ इंची टायर सहसा स्वस्तही मिळतो. मोठ्या रिमची, वरच्या श्रेणीची थार घेण्याची हौस ज्यांनी टाळली, त्यांना हा फायदा आयताच मिळालेला आहे.

आकाराच्या पुढे ‘९६ एस’ किंवा ‘१११ टी’ असे काहीतरी छापलेले असते. त्यातील संख्या भार दाखवते आणि अक्षर वेग. ९६ म्हणजे एका टायरवर ७१० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो आणि १११ म्हणजे १०९० किलो. वेगाच्या अक्षरांत क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटर, एस म्हणजे १८० आणि टी म्हणजे १९०. नव्या टायरचा भारांक कंपनीच्या टायरपेक्षा कमी नसावा, यात तडजोड नको. एम.टी. टायरवर बहुधा क्यू दिसतो. आपल्या रस्त्यांवरील वेगमर्यादा पाहता तो पुरेसा असला तरी कंपनीने दिलेल्या अक्षरापेक्षा खालचे अक्षर घेताना विमा कंपनीला विचारलेले बरे.

काही टायरच्या आकाराआधी ‘एल.टी.’ ही अक्षरे असतात. हे हलक्या मालवाहू गाड्यांसाठीचे, अधिक जाड सांगाड्याचे टायर होत. ते दगडांपुढे टिकतात, पण वजनाने जड असतात, तेवढाच भार पेलण्यासाठी त्यांना हवा अधिक लागते आणि रिकाम्या गाडीत ते कडक वाटतात. जिम्नीसारख्या हलक्या गाडीला दहा प्लाय रेटिंगचा (म्हणजे फार मजबूत सांगाड्याचा) एल.टी. टायर लावणे म्हणजे पैसे देऊन गाडीची चाल बिघडवून घेणे होय.

‘एम+एस’ ही खूण पाहून काही विक्रेते तो चिखलाचा खास टायर असल्याचे सांगतात. ही खूण नक्षीच्या रचनेवरून उत्पादक स्वतःच देतो. तीसाठी पकडीची वेगळी चाचणी द्यावी लागत नाही. डोंगराच्या चित्रात हिमकण असलेली खूण मात्र बर्फावरील चाचणीनंतरच मिळते. लडाख किंवा स्पिती हिवाळ्यात गाठायचे नसेल, तर त्या खुणेसाठी महाराष्ट्रातील मालकाने जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

तिसरी पायरी : आकार वाढवायचा की नाही

आकार न वाढवणे हा सर्वांत स्वस्त आणि निर्धोक मार्ग आहे. तरीही जिम्नीच्या मालकांना हा प्रश्न हमखास पडतो, कारण तिच्या १९५/८० आर १५ या आकारात ऑफ-रोड नक्षीचे पर्याय मर्यादित आहेत. त्यामुळे तिचेच उदाहरण घेऊन हिशेब मांडतो.

जिम्नीचा मूळ टायर ६९३ मिलिमीटर उंच आहे. २१५/७५ आर १५ हा टायर सुमारे ७०४ मिलिमीटर होतो, म्हणजे वाढ दीड टक्क्याची. हा बोलेरोचा आकार आहे. गावोगाव बोलेरो आणि तिच्या भावंडांसारख्या पिकअप गाड्या धावत असल्यामुळे तो तालुक्याच्या गावीही मिळतो, अनेक कंपन्या तो बनवतात आणि त्या स्पर्धेमुळे भाव आटोक्यात राहतो. जिम्नीच्या साडेपाच इंच रुंद रिमवर तो मान्य मर्यादेत बसतो. याउलट अनेकांच्या आवडीचा २३५/७५ आर १५ सुमारे ७३४ मिलिमीटर उंच असतो. वाढ जवळपास ६ टक्क्यांची होते. वेगमापक ताशी ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ८४-८५ ने धावत असते, चढावर इंजिनाचा जोर कमी वाटतो, चाक पूर्ण वळवल्यावर टायर घासण्याची शक्यता वाढते आणि त्या आकारासाठी किमान सहा इंच रुंद रिम अपेक्षित असल्याने कंपनीची रिमही पुरत नाही. मग नव्या रिम, मग सस्पेन्शन उंच करण्याचे किट, असा खर्चाचा शेपूट लांबत जातो.

थार आणि स्कॉर्पिओ-एनच्या मालकांनीही हाच हिशेब आपापल्या आकड्यांवर करून पाहावा. एकूण उंचीतील वाढ ३ टक्क्यांच्या आत राहिली तर बहुधा अडचण येत नाही. त्यापुढे प्रत्येक टक्का महाग पडतो.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळे होतील असे बदल वाहनात करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला आहे. फेंडरच्या बाहेर डोकावणारे रुंद टायर तपासणीत चटकन नजरेत भरतात, आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अशा बदलांवर बोट ठेवले जाऊ शकते. कंपनीने त्याच गाडीच्या एखाद्या प्रकारासाठी दिलेला आकार निवडला तर ही चिंता उरत नाही.

चौथी पायरी : खर्चाचा हिशेब

परदेशी नाममुद्रांचे ऑफ-रोड टायर भारतात महाग का, याचे एक कारण जून २०२० मधील सरकारी निर्णयात आहे. त्या महिन्यात परकीय व्यापार महासंचालनालयाने अनेक प्रकारच्या नव्या टायरची आयात ‘मुक्त’ यादीतून काढून ‘प्रतिबंधित’ यादीत टाकली. त्यानंतर आयातीसाठी परवाना लागू लागला. पुरवठा तुटक झाला आणि एकच टायर फुटला तर त्याचा जोडीदार मिळण्यास महिने लागण्याची वेळ येऊ लागली. मर्यादित खर्चात राहणाऱ्या माणसासाठी ही दुसरी अडचण पहिलीपेक्षा मोठी आहे.

त्यामुळे नवख्याने आपली यादी देशात बनणाऱ्या टायरपासून सुरू करावी. एम.आर.एफ.चा वाँडरर, अपोलोचा ॲप्टेरा ए.टी., सिएटचे क्रॉसड्राइव्ह आणि झार ए.टी., जे.के.चा रेंजर, तसेच योकोहामाचा जिओलँडर ए.टी. ही नावे कोणत्याही बऱ्या दुकानात ओळखीची आहेत. यांतील कोणता टायर सर्वोत्तम, या वादात न पडता आपल्या आकारात कोणता मिळतो, त्याचा भारांक काय आणि आपल्या तालुक्यात त्या कंपनीचा अधिकृत विक्रेता आहे का, हे आधी पाहावे. प्रवासात टायर गेला तर दुसऱ्या दिवशी तोच टायर मिळणे हा परवडण्याचाच एक भाग आहे.

कराचा भागही अलीकडे बदलला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. जुन्या भावाची यादी दाखवून कोणी किंमत सांगत असेल, तर छापील किमतीवर कराचा दर कोणता धरला आहे हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.

किंमत प्रति टायर न पाहता प्रति किलोमीटर पाहावी. केवळ उदाहरणादाखल समजा, एक ए.टी. टायर ९,००० रुपयांना पडतो आणि ५०,००० किलोमीटर चालतो. म्हणजे किलोमीटरला १८ पैसे. एम.टी. टायर १३,००० रुपयांना घेतला आणि तो ३५,००० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला ३७ पैसे पडतात. चार चाकांचा हिशेब धरला तर हा फरक किलोमीटरमागे सुमारे पाऊण रुपया होतो आणि त्यात जादा इंधन धरलेलेच नाही. आपल्या दुकानदाराने सांगितलेले खरे आकडे या मांडणीत घालून पाहावेत.

खर्च मांडताना चार नव्हे, पाच टायर धरावेत. थार, जिम्नी आणि गुरख्यात फोर-हाय, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी स्थिती, लावल्यावर पुढचे आणि मागचे चाक एकमेकांशी कडक जोडले जातात, कारण या गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसतो. अशा वेळी एका चाकाची उंची वेगळी असेल, तर गिअरपेट्या आणि शाफ्ट यांच्यावर सतत ताण येतो. चार चाके २१५ ची आणि स्टेपनी जुन्या १९५ ची, अशी जोडणी डोंगरात पंक्चर झाल्यावरच महागात पडते. पाचही टायर एका कंपनीचे, एका आकाराचे आणि एकाच नक्षीचे असावेत. एकदम पाच परवडत नसतील, तर एच.टी.वर आणखी काही महिने काढून पैसे साठवणे हे दोन ए.टी. आणि दोन एच.टी. अशी खिचडी करण्यापेक्षा शहाणपणाचे आहे.

पाचवी पायरी : स्वस्ताचे मार्ग, खरे आणि खोटे

पैसे वाचवण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे नव्या गाडीतून काढलेले टायर. बरेच मालक गाडी शोरूममधून आणल्याबरोबर तिचे कंपनीचे टायर उतरवून मोठे टायर लावतात. उतरवलेले टायर अक्षरशः कोरे असतात आणि टायरच्या दुकानांत किंवा गाडीमालकांच्या गटांत बऱ्याच कमी भावाने विकले जातात. थारच्या काही प्रकारांना कारखान्यातूनच ए.टी. टायर येतात, म्हणजे कोणाच्या तरी हौसेमुळे आपल्याला हवा तोच टायर जवळपास नवा मिळू शकतो. मुंबईत कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे, तेथेही असे संच येतात. मात्र तेथे घाई करू नये आणि बिलाशिवाय व्यवहार करू नये.

वापरलेला टायर घेताना नक्षीची खोली मोजण्याची छोटी पट्टी बरोबर ठेवावी. ती स्वस्तात मिळते. कायद्याने मोटारगाडीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर असली पाहिजे आणि नक्षीच्या खोबणीत त्या उंचीच्या आडव्या पट्ट्या असतात. परंतु चिखलासाठी हा आकडा निरुपयोगी आहे. साधारण ४ मिलिमीटरच्या खाली गेलेला ए.टी. टायर चिखलात एच.टी.सारखाच वागू लागतो. आता हिशेब करा: नव्या टायरची खोली १० मिलिमीटर असेल तर ऑफ-रोडच्या दृष्टीने वापरण्याजोगे ६ मिलिमीटर असतात. ६ मिलिमीटर उरलेला जुना टायर अर्ध्या किमतीत मिळत असला, तरी त्यात आपल्या कामाचे केवळ २ मिलिमीटर, म्हणजे एक तृतीयांशच आयुष्य शिल्लक आहे. तो स्वस्त नसून महाग आहे.

दुसरा रास्त मार्ग म्हणजे दुकानात काही महिने पडून राहिलेला नवा माल. सावलीत आणि कोरड्या जागी ठेवलेला टायर वर्षभराने खराब होत नाही, पण ग्राहक ताजी तारीख मागत असल्याने विक्रेता तो कमी भावात द्यायला तयार असतो. वर्षभरापर्यंतचा टायर सवलतीत बिनदिक्कत घ्यावा. दोन वर्षांवरचा टायर मोठ्या सवलतीतही टाळावा.

आता टाळण्याच्या गोष्टी. रिमोल्ड केलेला, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवी नक्षी चढवलेला टायर दिसायला आक्रमक आणि किमतीला अगदी कमी असतो. ट्रकच्या मागच्या चाकांना चांगल्या कारखान्यात केलेले रिट्रेड चालते. पण जुन्या मोटारीच्या टायरवर कोठेतरी केलेले रिमोल्ड महामार्गाच्या वेगात, भरलेल्या गाडीत आणि हवा कमी करून चालवताना तापते व नक्षी सुटू शकते. गोटा झालेल्या टायरवर गरम पात्याने खोबणी कोरून तो ‘नवा’ म्हणून विकण्याचे प्रकारही होतात. खोबणीच्या तळाशी तारा किंवा दोऱ्याचा थर जवळ आलेला दिसला तर तो टायर हातात धरू नये. साइडवॉलला चीर, फुगा किंवा ठिगळ असलेला टायर कोणत्याही किमतीत नको, कारण साइडवॉलचे पंक्चर सुरक्षितपणे काढता येत नाही.

सहावी पायरी : दुकानात

दोन-तीन दुकानांतून लेखी भाव घ्यावा आणि त्यात पाच टायर, व्हॉल्व्ह, बसवणी, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, कर आणि जुन्या टायरचा परतावा हे सारे स्वतंत्रपणे लिहून मागावे. ऑनलाइन भाव बरेचदा कमी दिसतो, परंतु त्यात बसवणी धरलेली नसते. जुन्या टायरचा परतावा दुकानदार बहुधा किरकोळ देतो; त्यांत चांगली नक्षी असेल तर ते परस्पर विकलेले बरे.

टायर रिमवर चढवण्यापूर्वी प्रत्येक टायरची साइडवॉल आपण स्वतः तपासावी. तीवर डी.ओ.टी. या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात: पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. १८२५ म्हणजे २०२५ सालचा अठरावा आठवडा. हे अंक टायरच्या एकाच बाजूला पूर्ण छापलेले असू शकतात, त्यामुळे दोन्ही बाजू पाहाव्यात. भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या टायरवर आय.एस.आय. चिन्ह असणे बंधनकारक आहे. ते नसलेला स्वस्त आयात टायर विक्रेत्याने कितीही गळ घातली तरी नाकारावा. पाचही टायरच्या तारखा काही आठवड्यांच्या अंतरात असाव्यात आणि ते अंक बिलावर लिहून घ्यावेत. हमीचा दावा करताना हेच बिल लागते, आणि तोंडी हमीला तेव्हा काही किंमत नसते.

काही टायरवर ‘ट्रेडवेअर ५००’ असा आकडा दिसतो. अधिक आकडा म्हणजे अधिक टिकाऊ, हे एका कंपनीच्या दोन टायरांत तुलना करताना उपयोगी आहे. वेगवेगळ्या कंपन्या ही चाचणी स्वतः करतात, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहू नये. एल.टी. टायरवर हा आकडा नसतोच.

सातवी पायरी : बसवल्यानंतर

टायर चढवताना रिमची बीडची, म्हणजे टायरची कडा बसते ती, जागा तारेच्या ब्रशने साफ करून घ्यावी. हवा कमी करून चालवल्या जाणाऱ्या गाडीत गंज किंवा चिखलाचा थर राहिला की तेथूनच हवा झिरपते. चाकाचे नट मशीनने कसल्यावर शेवटचा आवळा हाताच्या पान्याने योग्य जोराने द्यायला सांगावा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासून घ्यावेत. अलाइनमेंट टाळून पैसे वाचवू नयेत. कडेने झिजलेला ए.टी. टायर काही हजार किलोमीटरमध्ये त्या बचतीच्या कितीतरी पट नुकसान करतो. पहिले दोनशे किलोमीटर ओल्या रस्त्यावर जपून चालवावे, कारण नव्या रबरावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा अंश असतो.

डांबरावर चालताना दरवाजाच्या पट्टीवरील दाब ठेवावा आणि तो टायर थंड असताना मोजावा. कच्च्या रस्त्यावर किंवा चिखलात हवा कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते. नवख्याने सुरुवातीला २० पीएसआयच्या आसपास थांबावे. १५ च्या खाली उतरल्यास वळणावर टायर रिमवरून सुटण्याचा धोका असतो. हवा कमी असताना वेगही कमीच ठेवावा आणि डांबरावर परतताच ती पुन्हा भरावी. म्हणूनच टायरच्या खर्चात बॅटरीवर चालणारा बऱ्यापैकी दमदार हवेचा पंप, दाबमापक आणि ट्यूबलेस पंक्चर काढण्याचे किट यांची तरतूद आधीच करावी. महागड्या एम.टी.साठी बाजूला काढलेल्या जादा पैशांतून ही तिन्ही साधने येतात, आणि ए.टी. टायरबरोबर ती असली तर गाडी अधिक वेळा घरी स्वतःच्या चाकांवर परतते. (समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत सरावाला जाऊ नये, कोकण आणि गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालणाऱ्यांवर पोलीस कारवाई करतात.)

दर ८ ते १० हजार किलोमीटरनंतर पाचही टायर फिरवावेत, म्हणजे स्टेपनीलाही वाटा उचलावा लागतो आणि पाचांची झीज समान राहते. पुढच्या आणि मागच्या टायरच्या खोलीतील फरक २ मिलिमीटरच्या आत ठेवावा. खडकाळ रस्त्यावरून परतल्यावर गाडी धुताना प्रत्येक टायरच्या आतील बाजूवरही हात फिरवावा आणि फटींत अडकलेले दगड काढून टाकावेत, कारण सर्वांत धोकादायक चीर बहुधा बाहेरून न दिसणाऱ्या बाजूला पडते. अशी चीर सापडली, तर तो टायर स्टेपनीच्या जागीही ठेवू नये आणि त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा एक टायर लगेच मागवावा.